परकी माध्यमं घराघरांत पोचली, तरी माणसं एकसारखी का झाली नाहीत?

दीपमाळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज मांडतेच.

१९६०-७० च्या सुमारास माध्यमांच्या अभ्यासकांना एका भीतीने ग्रासलं होतं. अमेरिकी मालिका, बातम्या आणि जाहिराती जिथे जातील तिथली संस्कृती पुसून टाकतील, असं हर्बर्ट शिलर यांच्यासारखे अमेरिकी अभ्यासक पोटतिडकीने सांगत होते. युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे असा एकाच दिशेने वाहतो, हे १९८० च्या त्याच्या अहवालात स्पष्ट मांडलं गेलं. वाद इतका चिघळला की १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, आणि त्यामागच्या कारणांत हेही एक मोठं कारण होतं.

ओघाबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी होती. पण 'पुसून टाकतील' हा निष्कर्ष? तिथे माझी गाडी अडते.

१९८० च्या दशकात तामार लीब्स आणि एलिहू कात्झ यांनी केलेला अभ्यास मला फार आवडतो. 'डॅलस' ही टेक्सासमधल्या तेलसम्राट कुटुंबाची मालिका तेव्हा जगभर गाजत होती. या दोघांनी इस्रायलमधले अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून नुकतेच आलेले स्थलांतरित आणि किबुत्झवर, म्हणजे तिथल्या सामूहिक वसाहतींत, वाढलेले लोक असे वेगवेगळे गट निवडले. मित्रमंडळींतली काही जोडपी कुणाच्या तरी घरी जमायची, भाग बघायची आणि मग 'काय घडलं ते सांगा' असं अभ्यासक त्यांना विचारायचे. अरब आणि मोरोक्कन गटांनी नात्यागोत्यांची सलग गोष्ट सांगितली. रशियन मंडळी कथानक सोडून मालिकेमागचा हेतू शोधत बसली, 'हे आपल्याला काय पटवू बघताहेत' यावर त्यांची चर्चा. किबुत्झवाले पात्रांच्या मनात शिरले.

आणि एक प्रसंग तर फारच बोलका आहे. मालिकेतली सू एलन नवऱ्याचं घर सोडून बाळासह आपल्या प्रियकराच्या आणि त्याच्या वडिलांच्या घरी जाते. एका अरब गटाने एकमताने सांगितलं की ती माहेरी, स्वतःच्या वडिलांकडे गेली. पडद्यावर जे दिसत होतं ते त्यांच्या जगात बसणारं नव्हतं, म्हणून बघता बघताच त्यांनी ते जुळवून घेतलं. कुणी कुणाला दुरुस्तही केलं नाही.

माझं म्हणणं असं, की लोक बाहेरचं बघतात म्हणून ओळख जात नाही. ज्या समाजाला स्वतःचं काही दाखवायची सोयच उरत नाही, त्याची जाते. तुम्हाला काय वाटतं? अनुभव, विरोध, सगळं लिहा.

---

सावली

सुरेख सुरुवात. वाचतेय.

---

कोरडी_नदी

दीपमाळ, लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

युनेस्कोच्या नकाशात जगातल्या सुमारे ६००० भाषांपैकी जवळपास २५०० संकटात असल्याची नोंद आहे. त्या बोलणाऱ्यांनी 'डॅलस' आपापल्या पद्धतीने समजून घेतली असेलही, पण त्यांची नातवंडं आजीशी बोलू शकत नाहीत. अर्थ लावण्याचं स्वातंत्र्य प्रेक्षकाला आहे, हे मान्य. काय समोर येणार, कधी येणार, कोणत्या भाषेत येणार, हे ठरवायचं स्वातंत्र्य मात्र त्याला कधीच नव्हतं. शिलर नेमकं त्याबद्दलच बोलत होते. प्रेक्षकाच्या हुशारीचं कौतुक करता करता मालकीचा प्रश्न मागे पडतो, याचा मला राग येतो.

---

उनाड

आमच्या घरात एकच मालिका चार जण बघतात आणि चार वेगळ्या गोष्टी सांगतात. लीब्स-कात्झ यांना इस्रायलपर्यंत जायची गरज नव्हती. :)

---

शब्दवेल्हाळ

मी उपशीर्षकं आणि डबिंगच्या कामात आहे, म्हणून जरा आतली बाजू.

मालिका जशीच्या तशी दुसऱ्या देशात चालेल, हा भ्रम या धंद्यातल्या लोकांनी कधीच सोडला. 'डॅलस' जपानमध्ये चाललीच नाही, लवकरच बंद करावी लागली. याउलट २००८ मध्ये एक तुर्की मालिका अरब देशांत तुफान गाजली. तीच मालिका तुर्कस्तानात आधी येऊन गेली होती, तेव्हा तिची फार हवा झाली नव्हती. अरबी डबिंग करताना छापील, प्रमाण अरबी टाळली आणि सीरियातली रोजच्या बोलण्यातली अरबी घेतली. पात्रांची नावंही बदलली. माणसं घरच्यासारखी बोलायला लागली आणि प्रेक्षक बसला.

आमच्याकडे काम येतं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ हाका मारण्यात जातो. सून सासऱ्याला नावाने हाक मारते, हे मूळ भाषेत सहज असतं, आपल्या पडद्यावर ते भांडण वाटतं. मग तिथे काय घालायचं यावर दिग्दर्शक आणि आम्ही तासभर बोलतो. ओठ मिटायच्या आत शब्द संपला पाहिजे, तो ताप वेगळाच.

पण कोरडी_नदी यांच्या बाजूनेही एक सांगायचंय. आता तयार माल विकण्यापेक्षा साचा विकला जातो. लोकांना एका घरात कोंडून चोवीस तास कॅमेरे लावायचे, हा खेळ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. पुढे कित्येक देशांनी तो आपापल्या भाषेत, आपापल्या माणसांना घेऊन केला. भाषा स्थानिक, भांडणं स्थानिक, सांगाडा आणि त्याचे पैसे मात्र बाहेरचे. याला ओळख टिकली म्हणायचं की गेली? मला खरंच ठरवता येत नाही.

---

पाचोळा

हाकांचा मुद्दा भारी! यावर वेगळा धागा हवा.

---

दर्यावर्दी

सगळी चर्चा 'पश्चिम विरुद्ध बाकीचे' अशी चाललीय. उत्तर नायजेरियातलं कानो शहर आठवतं का कुणाला? कामानिमित्त तिथे राहिलो आहे.

तिथल्या लेबनीज थिएटरमालकांनी १९५० च्या दशकापासून हिंदी चित्रपट आणायला सुरुवात केली. हाउसा भाषक मुस्लिम समाज, हिंदीचा गंध नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते चित्रपट डोक्यावर घेतले. ब्रायन लार्किन या मानववंशशास्त्रज्ञाने यावर बराच अभ्यास केला आहे. त्याच्या मांडणीचं सार असं: हाउसा तरुणांपुढे प्रेम की घरच्यांनी ठरवलेलं लग्न हा प्रश्न होता. हॉलीवूडमध्ये तो प्रश्नच नव्हता, हिंदी पडद्यावर तो पावलोपावली होता. आधुनिक व्हायचं, पण पाश्चात्त्य व्हायचं नाही, याचा एक नमुना त्यांना तिथे सापडला. पुढे बाजारात हाउसा प्रेमकथांच्या स्वस्त पुस्तिकांची लाट आली, मग हाउसा व्हिडिओपट आले, नाचगाण्यांसकट.

तिथल्या काही सूफी गायकांनी तर हिंदी गाण्यांच्या चाली उचलल्या आणि त्यांवर प्रेषितांच्या स्तुतीचे हाउसा शब्द बसवले. हातात बंदीर नावाची डफासारखी वाद्यं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाल ओळखीची, शब्द एकही कळेना, आणि समोरची माणसं भक्तीत पार बुडालेली. ती चाल आपल्याकडून आली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांची भक्ती तसूभरही उसनी झाली नव्हती.

तेव्हा दीपमाळ, तुमच्याशी सहमत. उसनं घेतल्याने ओळख पातळ होत नाही.

---

कोरडी_नदी

दर्यावर्दी, उदाहरण सुंदर आहे, आणि ते माझा मुद्दा सिद्ध करतं. हाउसा कोट्यवधी लोकांची भाषा आहे. तिच्या मागे बाजारपेठ आहे, म्हणून व्हिडिओपट निघाले. दहा हजार लोकांच्या भाषेत ते निघतील का?

---

अबोली_क

लहान भाषांचा विषय निघालाच आहे तर वेल्सबद्दल लिहिते. आम्ही बरीच वर्षं कार्डिफमध्ये राहतो, मुलं वेल्श माध्यमाच्या शाळेत आहेत.

इथली वेल्श वाहिनी सुखासुखी मिळालेली नाही. १९७९ मध्ये सत्तेवर आलेल्या ब्रिटिश सरकारने तिचं आश्वासन दिलं होतं आणि मग शब्द फिरवला. लोकांनी दूरचित्रवाणीचं परवाना शुल्क भरायला नकार दिला, काहींनी शिक्षा भोगली. शेवटी १९८० मध्ये प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्फोर इव्हान्स यांनी जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण करेन. सप्टेंबरातच सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी वाहिनी सुरू झाली. एका भाषेत कार्यक्रम दिसावेत म्हणून माणूस प्राण द्यायला निघतो! मला हे वाचून आजही भरून येतं.

पहिल्याच दिवशी तिथे 'सुपरटेड' ही मुलांची कार्टून मालिका लागली, आणि ती पुढे अमेरिकेत डिस्ने वाहिनीपर्यंत गेली. पाच-सहा लाख भाषकांच्या भाषेतून. कोरडी_नदी, तुमच्या बाजारपेठेच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे: बाजाराने दिलं नसतं, लोकांनी भांडून सरकारकडून मिळवलं.

---

वेशीवरचा

अबोली_क, लढ्याला मनापासून सलाम. पण जनगणनेचे आकडेही मांडायला हवेत. वेल्समध्ये वेल्श बोलता येणाऱ्यांचं प्रमाण २००१ मध्ये २०.८ टक्के होतं, २०११ मध्ये १९ आणि २०२१ मध्ये १७.८. म्हणजे वाहिनी असूनही घसरण. मग दीपमाळ यांचा 'स्वतःचं दाखवायची सोय' हा सिद्धांत टिकतो का?

---

अबोली_क

आकडे बरोबर आहेत, पण ते १९९१ पासून लावा. तेव्हा ते प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या थोडं वर होतं, म्हणजे २००१ पर्यंत दोन टक्क्यांनी वाढलं. विसाव्या शतकात दर जनगणनेत घसरत आलेली भाषा पहिल्यांदा वर चढली. त्यात शाळांचा वाटा सगळ्यात मोठा, हे मी रोज बघते. वाहिनी एकटी काही करू शकत नाही. पण शाळेत शिकलेली भाषा संध्याकाळी घरात ऐकूच आली नाही, तर मुलांना ती गणितासारखी एका तासापुरती वाटते. आमच्या धाकट्याला फुटबॉलचं समालोचन वेल्शमध्ये ऐकायला मिळतं तेव्हा तो सोफ्यावर उभा राहून ओरडतो, तेही वेल्शमध्ये. कुठल्याही पाठ्यपुस्तकाने हे केलं नसतं.

---

पाचोळा

सोफ्याची काळजी घ्या. :)

---

निरंजन_वाट

मला या चर्चेतलं एक गृहीतक खटकतंय. ओळख टिकणं म्हणजे चांगलंच, असं सगळे धरून चाललेत.

रवांडात हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत होते, धर्मही बहुतांशी एकच. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर गट नोंदवायला सुरुवात केली आणि सैल असलेल्या सीमा घट्ट झाल्या. १९९३ च्या जुलैमध्ये आरटीएलएम हे खाजगी रेडिओ केंद्र सुरू झालं. लोकप्रिय काँगोली संगीत, गप्पा, श्रोत्यांचे फोन. तरुणांना एकदम आवडणारा बाज. त्याच बाजात ते द्वेष पेरत गेलं, आणि १९९४ च्या नरसंहारात लोकांची नावं आणि ठिकाणं त्यावरून सांगितली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवलं.

स्थानिक भाषा, स्थानिक मालकी, स्थानिक निवेदक. दीपमाळ यांच्या सगळ्या अटी पूर्ण होत होत्या.

---

सावली

विषय भरकटतोय का? मूळ प्रश्न जागतिकीकरणाचा होता.

---

दीपमाळ

भरकटत नाहीये सावली, राहू दे. निरंजन_वाट यांनी माझ्या मांडणीतली मोठी फट दाखवली. 'सोय' कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न समाजाच्या आतही विचारावाच लागेल. आरटीएलएमच्या मागे सत्तेतली मंडळी होती. ज्या समाजाला एकच आवाज ऐकू येतो, तो आवाज आपल्या भाषेत असला म्हणून निर्धोक ठरत नाही.

याच्या उलट चित्र कुर्दांचं. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात विखुरलेला समाज, कुठेच स्वतःचं राज्य नाही. १९९५ मध्ये लंडनच्या परवान्यावर मेड टीव्ही ही कुर्दी उपग्रहवाहिनी सुरू झाली. सीमा ओलांडून एकाच वेळी सगळे एकच बातमीपत्र बघताहेत, हे त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. १९९९ मध्ये ब्रिटिश नियामकाने चिथावणीचा ठपका ठेवून परवाना रद्द केला. पण २००९ च्या पहिल्या दिवशी तुर्कस्तानच्या सरकारी प्रसारण संस्थेलाच कुर्दी वाहिनी सुरू करावी लागली. ज्या देशात कुर्दी बोलण्याछापण्यावर वर्षानुवर्षं बंदी होती, तिथे!

---

वेशीवरचा

देशी गाण्या-चित्रपटांसाठी राखलेल्या कोट्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच असावीत असा नियम आहे. केंद्रांनी पळवाट काढली: तीच दहा-बारा फ्रेंच गाणी दिवसभर फिरवायची. २०१६ मध्ये कायदा बदलून त्या पुनरावृत्तीला चाप लावावा लागला.

दक्षिण कोरियात थिएटरांना वर्षाचे १४६ दिवस कोरियन चित्रपट दाखवणं सक्तीचं होतं. अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींच्या वेळी, २००६ मध्ये, ते ७३ दिवसांवर आणलं. चित्रपटसृष्टी रस्त्यावर उतरली, आता आपण संपलो असं म्हणाली. आणि आज कोरियन मालिका जगभर बघितल्या जातात. म्हणजे कोटा निरुपयोगी होता? मला तसं वाटत नाही. भिंतीच्या आडोशाने बळ आलं, मग भिंत कमी केली तरी चाललं. आधीच पाडली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मुक्त बाजारवाले विचारतच नाहीत.

---

दर्यावर्दी

+१. २००५ मध्ये युनेस्कोत सांस्कृतिक वैविध्याच्या करारावर मतदान झालं तेव्हा १४८ देश बाजूने होते आणि विरोधात फक्त दोन, तोवर युनेस्कोत परतलेली अमेरिका आणि इस्रायल. आपल्या चित्रपटांना, संगीताला निव्वळ माल मानू नका, एवढंच जग म्हणत होतं.

---

शब्दवेल्हाळ

कोटा वाहिनीवर लावता येतो, थिएटरवर लावता येतो. मुलाच्या हातातल्या फोनवर कसा लावणार? युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम केला की मागणीनुसार व्हिडिओ देणाऱ्या सेवांच्या संग्रहात किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती हवी. ठीक आहे. संग्रहात असणं वेगळं आणि समोर येणं वेगळं. पुढचा व्हिडिओ कोणता हे शिफारशीचं गणित ठरवतं.

आइसलँडचं बघा. १९६० च्या दशकात तिथल्या अमेरिकी तळावरचे कार्यक्रम आसपासच्या घरांत दिसायला लागले. देशातल्या साठ मान्यवरांनी १९६४ मध्ये त्याविरुद्ध निवेदन दिलं, आणि १९६६ मध्ये स्वतःची राष्ट्रीय दूरचित्रवाणी सुरू झाली. ती १९८७ पर्यंत गुरुवारी बंद असायची, आणि १९८३ पर्यंत अख्खा जुलै सुट्टी! एवढ्या मर्यादित प्रसारणावरही भाषा ठणठणीत राहिली. आज त्याच देशातले भाषाशास्त्रज्ञ काळजीत आहेत, कारण मुलं सगळा वेळ पडद्यावर इंग्रजीत असतात. बोललेल्या आज्ञांवर चालणारी यंत्रं आइसलँडिक समजत नव्हती, म्हणून तिथलं सरकार स्वतः खटपट करून भाषेची साधनसामग्री तयार करतंय.

आधी परकं प्रसारण सगळ्या घराला एकत्र दिसायचं, त्यावर बोलणं व्हायचं. दीपमाळ, तुमच्या त्या अरब गटाने सू एलनला माहेरी पाठवलं ते सगळे मिळून बसले होते म्हणून. एकटं मूल कानात इअरफोन घालून बघतं तेव्हा अर्थ कुणाबरोबर लावणार?

---

सावली

शेवटच्या ओळीवर थांबले. आमच्या घरात अगदी हेच चाललंय.

---

अबोली_क

शब्दवेल्हाळ, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आम्ही एक साधी गोष्ट करतो: रात्रीचा एक कार्यक्रम सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघायचा. कोणता, यावर रोज वाद होतो. तो वादच हवा असतो.

---

दीपमाळ

मूळ प्रश्नाकडे येते, कारण कोरडी_नदी यांच्या 'दहा हजार लोकांचं काय' याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

कॅनडाच्या उत्तरेला इग्लूलिक नावाची इनुइट या मूळनिवासी समाजाची वस्ती आहे, दहा हजारांच्याही खूप खाली. १९७२ मध्ये कॅनडाने अनिक उपग्रह सोडला आणि उत्तरेकडच्या वस्त्यांत दक्षिणेचं इंग्रजी प्रसारण पोचायला लागलं. इग्लूलिकने १९७५ मध्ये मतदान घेतलं आणि दूरचित्रवाणी नाकारली. १९७९ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा नकार. आपल्या भाषेत काहीच नसेल तर नको, ही वडीलधाऱ्यांची भूमिका. इनुइट प्रसारण संस्था स्थापन होऊन इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेतले कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा कुठे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी होकार दिला.

त्याच वस्तीतले झकरायस कुनुक दगडातून शिल्पं कोरायचे. १९८१ मध्ये ती विकायला ते माँट्रियलला गेले आणि आलेल्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेऊन परतले. वस्तीत टीव्ही यायच्या आधी कॅमेरा आला! पुढे त्यांनी सहकाऱ्यांसोबत इसुमा ही निर्मितिसंस्था काढली. संपूर्ण इनुक्टिटुट भाषेतला त्यांचा कथापट २००१ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात गेला आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द'ओर घेऊन आला.

त्यांनी तंत्रज्ञानाला दार बंद केलं नाही, अट घातली. मी म्हणते ती सोय हीच.

---

कोरडी_नदी

दीपमाळ, इग्लूलिकबद्दल मला आदर आहे, म्हणून गोष्ट पुढे नेतो. ती इसुमा संस्था २०११ मध्ये आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली. कानचा पुरस्कार होता, भाषा होती, प्रतिभा होती. पण उत्तरेच्या वस्त्यांत ते काम रोज पोचवेल अशी वाहिनी नव्हती, आणि इंटरनेट इतकं मंद की स्वतःचेच चित्रपट तिथे नीट बघता येत नव्हते. पूर्णपणे इनुइट भाषेत चालणारी उवागुत टीव्ही ही कॅनडातली पहिली वाहिनी सुरू झाली जानेवारी २०२१ मध्ये. दुसऱ्या नकारानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी! तेवढ्यात दोन पिढ्या इंग्रजी कार्टून बघत मोठ्या झाल्या.

कॅमेरा हातात आला म्हणून तुम्ही थांबता. माझा प्रश्न तारेचा आहे, उपग्रहाचा आहे, त्याचं बिल कोण भरतं याचा आहे.

---

दीपमाळ

२०११ नंतरचं मी धरायलाच हवं होतं, हे तुम्ही रास्तच बोललात. कॅमेऱ्यावरचा माझा भर मी सोडत नाही, पण वितरणावर तुम्ही वेगळा धागा काढाच. पहिला प्रतिसाद माझा असेल.

---

उनाड

आणि दुसरा सावलीचा: 'वाचतेय.' :)